टाकी भरून आणावी

माझ्या गॅरेजच्या फाटकावर एक पाटी आहे. "तपासणीसाठी गाडी आणताना टाकी निम्मी तरी भरलेली असावी. गाडी जो रोज चालवतो, त्यानेच यावे." अक्षर माझंच आहे, म्हणून ओळ जरा चढावर गेली आहे. बेसा रोडवरून येणारे-जाणारे ती वाचून हसतात. एकाने तर स्कूटर थांबवून विचारलं होतं, "काहून गा मिस्त्री, लोकायच्या पेट्रोलवर गॅरेज चालवून राहिला का?" मी हो म्हटलं. दुपारच्या उन्हात वाद कोण घालणार?

त्या पाटीमागे एक चूक आहे आणि ती माझी आहे. पण आधी धंद्यातलं थोडं सांगावं लागेल, नाहीतर चूक केवढी होती ते कळायचं नाही.

गाडी उभी आहे, गिअर काढलेला आहे, पाय कशावरच नाही आणि इंजिन आपलं आपण चालू आहे, याला आम्ही 'स्लो' म्हणतो. जुन्या गाडीची निम्मी दुखणी स्लोला बाहेर येतात. रस्त्यावर साठच्या वेगात असताना इंजिन खूप काही झाकून नेतं. सायकल पळत असते तोवर तोल सांभाळते, उभी करायला गेलं की कलंडते, तसंच हे. सिग्नलला गाडी थरथरायला लागते, स्टिअरिंग हातात गुदगुल्या करतं आणि मग एक उसासा टाकून सगळं शांत होतं. मागचे हॉर्न वाजवतात. आत बसलेल्याला वाटतं, आपण गावासमोर पडलो.

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. स्लो बिघडला म्हणजे यातलं काहीतरी कमी किंवा जास्त होतंय, एवढंच. पण कमी काय आणि जास्त काय, हे शोधण्यात माझी चाळीस वर्षं गेली. कळमन्याच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची गाडी अशीच बंद पडायची. तीन जणांनी तिचे प्लग बदलले होते. मी एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराने शेरभर तूर साठवून ठेवलेली. इंजिन बिचारं तुरीतून श्वास घेत होतं. मी डबा उपडा करणार तेवढ्यात शेठजी म्हणाले, "थांबा मिस्त्री, फेकू नका, पाहू द्या मले." त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, चोळले आणि म्हणाले, "हा माल माह्या गोदामातला नाही." मग समाधानाने पैसे देऊन गेले.

दुखणं सापडलं नाही तर मेकॅनिक काय करतो, तेही सांगून टाकतो. तो रेस चढवून देतो. म्हणजे स्लोचे फेरे थोडे वाढवतो. इंजिन जरा जोरात घोंघावत राहतं, त्यामुळे बंद पडायचं टळतं. गिऱ्हाईक खूश, आपणही मोकळे. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार. मी हे केलेलं आहे. ज्याने केलं नाही असा मेकॅनिक मला अजून भेटायचा आहे.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे टाकी. आपल्याकडे गॅरेजला गाडी द्यायची ती काटा अगदी खाली टेकवूनच. आम्ही पेट्रोल काढून घेतो, असा लोकांचा पक्का समज आहे. तो अगदीच खोटा आहे असंही म्हणता येत नाही, कारण माझे उस्ताद पार्ट धुवायला पेट्रोल कधी विकत आणत नसत. एक जण तर शेजारच्या पंपापासून गाडी ढकलत आला होता, पण थेंब टाकला नाही. आम्ही यावर हसायचो आणि ट्रायलपुरतं लिटरभर स्वतःच टाकायचो. यात काही नुकसान आहे, असं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

आता ढोबळे ताईंबद्दल. त्या मनीषनगरला राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी ही छोटी पेट्रोल गाडी घेतली आणि त्याच गाडीवर त्या चालवायला शिकल्या. त्यांचे यजमान मनोहरराव मूळ पारशिवनीकडच्या शेतकरी घरातले. सरकारी नोकरी नागपुरात केली, पण जीव धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं. शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलं. पण दर गुरुवारी, व्यायाम करून घ्यायला येणारा माणूस सुटीवर असतो त्या दिवशी, ताई त्यांना शेजारच्या सीटवर बसवून शेतावर नेत. मनोहरराव खाली उतरू शकत नसत. गाडी धुऱ्याला, शेताच्या बांधाशी लावायची, काच खाली करायची आणि दोन तास धान पाहत बसायचं. डबा तिथेच खायचा. ताई मला एकदा म्हणाल्या होत्या, "त्या दोन घंट्यात हे जेवढं बोलतात ना भाऊ, तेवढं हप्ताभर नाही बोलत."

ही गाडी कन्हान नदीच्या पुलाच्या आसपास बंद पडायला लागली. पावसाळा संपत आला होता.

पहिल्यांदा गाडी त्यांचा मुलगा निखिल घेऊन आला. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, सरळ मुलगा आहे. "काका, आई म्हणते कन्हानजवळ बंद पडते. माझ्याजवळ तर कधीच नाही पडली," असं म्हणून त्याने किल्ली दिली. काटा तळाला होता. मी हवेचा मार्ग साफ केला, प्लग बदलले, वायरी पाहिल्या आणि वर थोडी रेसही चढवून दिली. गाडी शिवण्याच्या मशीनसारखी चालली.

दोन गुरुवार गेले आणि ती परत आली. या वेळी ताई सोबत होत्या. त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. चार वेळा गाडी बंद पडली होती, त्या चारही वेळांची नोंद होती. कुठे, किती वाजता, काय चालू होतं, काय बंद होतं. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची चिठ्ठी.

"भाऊ, हे पाहा. आम्ही शेतावर जाताना कन्हानच्या अलीकडच्या पंपावर टाकी फुल करतो. ह्यायची जुनी सवय आहे ते. पेट्रोल भरलं, की मग होते हे. पुढं गेलं का ठीक."

मी चिठ्ठी हातात घेतली, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "ताई, पेट्रोल भरलं की गाडी चालते, बंद नाही पडत."

निखिल हसला. मीही हसलो. ताई नाही हसल्या. मग मी गंभीर होऊन सांगितलं की पेट्रोलमध्ये कचरा असेल, दुसऱ्या पंपावर भरून पाहा. स्लो सांभाळणारा एक पार्ट असतो, तो बदलून दिला. त्यांनी पंप बदलला. पुढच्या गुरुवारी गाडी पुन्हा बंद पडली.

आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी ती पुलाच्या मधोमध बंद पडली. मागून ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारला, तरी मागचा लाइट फोडून गेला. ट्रकवाला उतरून बोलायचं ते बोलला. ताई खाली उतरून हातवारे करत मागची वाहनं वळवत राहिल्या आणि मनोहरराव आत बसून राहिले. त्यांना दार उघडून पळताही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी निखिल आला. "काका, आता मले एकच सांगा. गाडीत खराबी आहे, का आईले जमून नाही राहिलं?"

मी इमानदारीने कामाला लागलो, हे मला सांगितलंच पाहिजे. सगळं पुन्हा तपासलं. टाकी नेहमीप्रमाणे रिकामीच होती, तिच्यात जाण्यायेण्यापुरतं चार लिटर टाकलं आणि स्वतः गाडी घेऊन कन्हानला गेलो. पुलावर मुद्दाम हळू झालो, थांबलो, पुन्हा निघालो. जाताना काही नाही, येताना काही नाही. येताना कामठीला चहा प्यायलो. गाडी शेजारी चालू ठेवली होती, तिचा आवाज ऐकत प्यायलो. एकदाही चुकली नाही.

संध्याकाळी माय-लेक दोघं आले. मी म्हणालो, "गाडीत काहीच नाही. ताईंचा क्लच लवकर सुटते. वय झालं का होते असं." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. वातावरण हलकं करावं म्हणून मी पुढे म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं, असं होऊन राहिलं थोडं."

ताईंनी गाडीची किल्ली उचलली. किल्लीच्या कडीत घराची किल्ली अडकवलेली होती. ती त्यांनी नखाने सोडवली, पर्समध्ये टाकली आणि गाडीची किल्ली निखिलच्या हातात दिली.

मध्ये सहा गुरुवार गेले. निखिलला सुटी नव्हती. भाड्याच्या गाडीत मनोहररावांना बसवणं-उतरवणं जमेना, आणि अनोळखी ड्रायव्हरसमोर ते तोंडच उघडत नसत. हे मला नंतर समजलं. त्या काळात मला समजलं ते एवढंच की निखिलचा फोन आला, "काका, गाडी काढून टाकू. कोणी गिऱ्हाईक असेल तर पाहा."

गिऱ्हाईक होतं. संध्याकाळी चारला येतो म्हणाला. निखिल आणि ताई सकाळी गाडी आणून देऊन गेले. ताई कागदांची पिशवी घेऊन मागे बसल्या होत्या. उतरल्यावर त्यांनी बोनेटवर हळद-कुंकू वाहिलं. निखिल जरा वैतागलेला दिसत होता.

"पाहा ना काका, विकायच्या गाडीत आईनं आता चौकातल्या पंपावर टाकी फुल करायला लावली."

ताई म्हणाल्या, "कोणाचा डबाही आपण रिकामा परत करत नाही. पंधरा वर्षं घरची होती. तिले रिकामी कशी देऊ?"

दोघं ऑटोने गेले. गाडी फाटकात आडवी उभी होती, म्हणून आत घ्यायला मी बसलो. चालू केली, रिव्हर्स टाकला, क्लच सोडायला लागलो आणि गाडी थरथरून बंद पडली.

पुन्हा चालू केली. खूप वेळ स्टार्टर मारल्यावर चालू झाली. या वेळी गिअर टाकलाच नाही. दोन्ही पाय उचलून मांडी घातल्यासारखा बसून राहिलो. इंजिन वर गेलं, खाली आलं, खोकलं आणि बंद. क्लचचा तिथे काही संबंधच नव्हता. समोर पेट्रोलचा काटा पार वर टेकला होता. या गाडीत तो काटा मी वर गेलेला कधी पाहिलाच नव्हता.

मी उतरून टेबलाशी गेलो. ड्रॉवरमध्ये जुनी बिलं असतात, त्यात ताईंची ती चिठ्ठी सापडली. सुवाच्य अक्षरात चार वेळा लिहिलेलं होतं, "पेट्रोल भरल्यानंतर दहा मिनिटांत." चारही ओळींखाली रेघ मारलेली.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. पेट्रोलच्या टाकीत वाफ धरते. ती बाहेर हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या एका बंद डब्यात साठवतात, आणि गाडी वेगात असताना ती वाफ एका बारीक नळीतून इंजिनात ओढून जाळतात. त्या नळीवर अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह असतो. स्लोला तो बंदच असायला हवा. या गाडीचा व्हॉल्व्ह झिजून उघडा राहिला होता. टाकी रिकामी असेल तेव्हा नळीतून नावापुरतीच वाफ यायची, ती इंजिन पचवून टाकायचं. टाकी काठोकाठ भरली की वाफेचा लोंढा यायचा आणि स्लोला इंजिन गुदमरायचं. दहा-पंधरा मिनिटं गाडी पळाली की वाफ संपायची आणि सगळं ठीक. मी नळी काढून तिच्या तोंडावर बोट ठेवलं. बोट ओढलं गेलं. बोट तसंच दाबून ठेवलं तर इंजिन एकदम शांत झालं, रडणारं मूल कडेवर घेतल्यासारखं.

निखिल गाडीत थोडं थोडं पेट्रोल टाकायचा, म्हणून त्याच्याकडे बंद पडली नाही. माझ्याकडे ती कायम तहानलेली यायची, म्हणून माझ्याकडे बंद पडली नाही. टाकी फुल करणारी एकच बाई होती, आणि तिला आम्ही दोघांनी मिळून नापास केलं. अंगण खरंच वाकडं होतं.

खरं सांगायचं तर अर्धा तास मी नुसता स्टुलावर बसून होतो. चारला गिऱ्हाईक येणार होतं. व्हॉल्व्ह बदलायचा, गाडी विकून टाकायची आणि गप्प बसायचं, एवढं सोपं होतं. कोणाला काही कळलं नसतं. चाळीस वर्षांत मी एवढा मोठा मोह अनुभवला नव्हता, आणि तोही पैशाचा नव्हता. पण त्या चिठ्ठीतल्या रेघा डोळ्यांसमोरून जाईनात. मी गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हटलं, बाजारातून व्हॉल्व्ह आणला, बसवला आणि गाडी घेऊन मनीषनगरला गेलो.

दार निखिलने उघडलं. आत मनोहरराव खिडकीजवळच्या खुर्चीत होते. ताई त्यांना चमच्याने काहीतरी भरवत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, सगळ्यांसमोर. "ताई, गाडीत खराबी होती. तुमचा क्लच बरोबर होता, तुमची चिठ्ठीही बरोबर होती. चूक माही होती."

जुना व्हॉल्व्ह खिशात आणला होता, तो टेबलावर ठेवला. निखिलने तो उचलून उलटसुलट पाहिला. मग तो परत ठेवत म्हणाला, "आई, मी तुले विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं होतं ना तू," ताई म्हणाल्या. "यायले विचारलं होतं."

यायले म्हणजे मला. तेवढ्यात मनोहररावांनी तोंड उघडलं. एक शब्द काढायला त्यांना खूप वेळ लागला. "धान?"

"कापलं हो," ताई म्हणाल्या. "मागच्याच हप्त्यात कापलं."

त्यांनी मान हलवली आणि परत खिडकीबाहेर पाहायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना मी ताईंना म्हणालो की येत्या गुरुवारी मी सोबत येतो, मागे बसतो. त्या नको म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी ताई चालवायला बसल्या, मनोहरराव शेजारी, मी मागे. कन्हानच्या अलीकडच्या पंपावर टाकी फुल केली. पंपवाल्याला मीच म्हणालो, काठोकाठ भर. पुढे निघालो आणि माझ्या लक्षात आलं की गाडी जिथे जिथे हळू होत होती, तिथे तिथे ताईंचा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबून धरत होता. इंजिन नुसतं ओरडत होतं. ती गाडीची खोड नव्हती, पायाची होती. पंधरा वर्षं न चुकलेल्या त्या पायात भीती बसली होती, आणि ती मी बसवली होती. व्हॉल्व्ह दुकानात मिळतो. याला पार्ट नव्हता.

पुलावर ट्रकांची रांग लागली होती. आम्ही मधोमध अडकलो, साधारण तिथेच. मागे ट्रक येऊन थांबला, त्याचं तोंड आमच्या मागच्या काचेत मावत नव्हतं. ताईंनी रेस दाबून धरली. इंजिन किंचाळत होतं. मी पुढे वाकलो आणि परत मागे टेकलो. या पायाबद्दल बोलायचा माझा अधिकार संपला होता.

मनोहररावांनी डावा हात उचलला. तेवढा एकच हात त्यांच्या कह्यात होता. तो अंगावरून आडवा नेत त्यांनी ताईंच्या गुडघ्यावर ठेवला.

"पाय... काढ वं."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काढ. नाही होत बंद."

ताईंनी पाय उचलला. आवाज खाली आला, आणखी खाली आला आणि एका जागी येऊन थांबला. मी सीटच्या पाठीला हात लावून पाहिला, थरथर नव्हती. खाली नदी वाहत होती, मागचा ट्रक हॉर्न देत होता, इंजिन आपलं आपण चालू होतं. पुढची रांग हलली. ताईंनी गिअर टाकला आणि क्लच सोडला, जसा त्या पंधरा वर्षं सोडत आल्या होत्या, अगदी तसा.